नवनीतचं वारं

पिवळं रबर. औषधांच्या पाकिटांना गुंडाळून येतं तसलं. आमच्या घरात खिडकीच्या खिळ्याला अशी वीस-पंचवीस लटकत असतात. फेकवत नाहीत.

*

धानोऱ्याला माझ्या माहेरी, मी सात वर्षांची असताना, मान उडवलेला एक कोंबडा अख्खं अंगण ओलांडून भिंतीपर्यंत पळत गेला होता. डोकं मामाच्या हातात होतं, चोच उघडी. मी तेव्हापासून कोंबडी खात नाही.

*

प्रश्न ४ (आ). प्रतिक्षिप्त क्रिया म्हणजे काय ते सांगून एक उदाहरण लिहा. दोन गुण.
मी लिहिलं: उद्दीपनाला शरीराने विचाराविना दिलेला तत्काळ प्रतिसाद म्हणजे प्रतिक्षिप्त क्रिया. उदा. तप्त वस्तूला हात लागताच तो मागे घेणे.
दोन्ही गुण मिळाले. 'तप्त' हा शब्द मी त्याआधी आणि त्यानंतर कधी तोंडात घेतला नाही.

*

आमच्याकडचा नियम. कोणाच्या अंगात वारं आलं की त्याला हात लावायचा नाही. उठवायचं नाही, पाणी पाजायचं नाही, नावाने हाक मारायची नाही. फक्त विचारायचं: माय, कशासाठी आलीस. ती आपणहून जाईपर्यंत थांबायचं.

*

९६/६०. हा नवनीतचा रोजचा रक्तदाब. त्याच्या दुखण्यात कमीच असतो. आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*

चौथ्या मंगळवारी सकाळी दहालाच आमच्या ओसरीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. शहाद्याकडून दोन जीपा भरून आल्या होत्या. खिडकीच्या गजांना पोरं चिकटलेली. आत देवघरासमोर गादीवर माझा नवरा नवनीत उताणा, आणि त्याच्या पायाखाली दोन उशा, कारण माय पायातून चढते असं मोतीलाल महाराजांचं म्हणणं.

महाराज पन्नाशीचे. भगवी बंडी, खिशात दोन मोबाइल, गळ्यात कवड्या. नखं मात्र बारीक कापलेली, धुतल्यासारखी स्वच्छ. ती नखं मी पहिल्याच दिवशी पाहिली होती. अर्थ लागला नव्हता.

"डॉक्टरना करंट कोठला?" महाराज गर्दीला विचारत होते. "बोर्डना. लाइट गयी का डॉक्टर गया. मन्हा करंट मायना. तठे लोडशेडिंग नही."

लोक हसले. हसले की माणसं सैल होतात, हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनी वितभर पितळी त्रिशूळ घेतला आणि नवनीतच्या तळव्यावरून, टाचेकडून बोटांकडे, सावकाश ओढला.

अंगठा फणा काढावा तसा वर उठला. घोटा वळला, गुडघा दुमडला, आणि अख्खा पाय पोटाकडे खेचला गेला.

"पाय हालना वं माय, पाय हालना," शेजारच्या फुलवंताबाई म्हणाल्या, आणि पाय हलल्याचे ते शब्द ओसरीतून अंगणात, अंगणातून रस्त्यावर गेले. ढोलाचा जोर वाढला. सगळ्यांचे हात जोडले गेले. माझेही.

सातव्या मंगळवारी तो स्वतःच्या पायांनी उभा राहणार होता. महाराजांनी तसं जाहीर केलं होतं.

मी नवनीतच्या पायाकडे पाहत नव्हते. मी त्याच्या कपाळाकडे पाहत होते. वारं यायच्या आधी तिथे घाम फुटायचा.

*

झालं असं होतं. ऊसतोडीच्या दिवसांत आमच्याच शेतात, भरलेल्या ट्रॉलीवर उभा राहून दोर आवळताना नवनीत खाली पडला. पाठीवर, खांद्यांच्या मधोमध. हात चांगले, बोलणं चांगलं, छातीपासून खाली काही नाही. धुळ्याच्या डॉक्टरांनी माझ्या सासूबाईंना, सिंधुबाईंना, समोर बसवून सांगितलं की आता जपायचं. पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत, लघवीची नळी स्वच्छ ठेवायची. सासूबाईंनी मान हलवली आणि घरी आल्यावर जेवण सोडलं.

सहा आठवडे पाय ओल्या फडक्यासारखे होते. एके सकाळी सासूबाई तळवे पुसत होत्या आणि पाय झटकला गेला. त्यांनी किंचाळून गाव गोळा केलं. दुसऱ्या दिवशी महाराज आले. कोणी बोलावलं नव्हतं.

पहिल्याच मंगळवारी ते देवघरापाशी थबकले. पलंगाला लटकलेल्या पिशवीकडे बोट केलं. "मायसमोर मूतनी पिशवी? इतला इटाळ?"

सासूबाई शरमेने अर्ध्या झाल्या. पिशवी काढून बाहेर कडुनिंबाला टांगली गेली. नळीचं टोक दोनदा दुमडून, वर रबर लावून, मांडीखाली सरकवलं. मग तीर्थाचे पाच पेले. मग ढोल.

अडीच तासांनी वारं आलं.

नवनीतचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. कपाळावरून, मानेवरून घामाच्या धारा. हातांवरचे केस उभे. डोळे वर. आणि खाली दोन्ही पाय आपोआप झटके देत. आमच्या गावाने पुष्कळ वारं पाहिलंय, पण हे खोटं नव्हतं. कोणी ठरवून स्वतःच्या अंगावरचे केस उभे करू शकत नाही. मी बारावी सायन्स शिकलेली बाई, मीही जमिनीला डोकं टेकवलं.

महाराज विचारत, "माय, कसाले उनी?" नवनीत म्हणायचा, "डोकं... डोकं..." महाराज अर्थ सांगायचे, "माय म्हणस, मी डोकामा बसेल शे." मग सगळ्यांना बाहेर काढून ते एकटेच आत थांबत, दार लोटून. पाच मिनिटांत वारं उतरायचं.

दुसऱ्या मंगळवारी नवनीतला उलटी झाली. तिसऱ्या मंगळवारी अर्धा तास त्याला उजव्या डोळ्याने दिसलं नाही.

त्या संध्याकाळी मी त्याची कूस बदलत होते. तो हळूच म्हणाला, "काजल, हाई देवी नही. डोकामा कोणी घन मारी ऱ्हायना."

"मग सांग ना आईंना."

"नको. ती आते जेवाले लागनी."

*

सोमवारी मी गोठ्यामागे उभी राहून फोन केला. रिना पावरा, आमच्या उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी. गाव त्यांना सिस्टर म्हणतं, आणि त्या गेल्यावर पावरीन म्हणतं. धडगावच्या वरच्या एका आदिवासी पाड्यातल्या. नवनीतची नळी दर महिन्याला त्याच बदलतात.

मी देवीबद्दल बोलू लागले. त्यांनी अडवलं.

"देवीचं नंतर. वारं किती वाजता येतं?"

"ढोल सुरू झाल्यावर अडीच तासांनी."

"त्याआधी काय पितो?"

"पाच पेले पाणी."

"त्या वेळी लघवीची पिशवी कुठे असते?"

मी गोठ्याआडून कडुनिंबाकडे पाहिलं.

"काजलताई?"

"झाडाला."

मग सिस्टर अगदी सावकाश बोलल्या. "देवी असेल तर ती पिशवी लावली तरी येईल. नसेल तर ह्याच्या डोक्यातली शीर फुटेल. उद्या नळी बांधू देऊ नका. माझं लसीकरण आहे, संपलं की निघते."

*

९:००
महाराज आज स्वतः आत बसून नळी दुमडतात. आज गर्दी मोठी, म्हणून सात पेले. मग ढोल. मी म्हणते, "महाराज, आज पिशवी राहू द्या." सासूबाई माझ्याकडे पाहतात. तेवढं पुरतं. माझा विरोध एका वाक्याचा.

१०:१५
पाय हलला. हे वर सांगितलं.

१०:४०
फुलवंताबाई मला चुलीपाशी नेतात. "चाळीस कप ठेव वं. आन तोंड असं काय करेल शे, तुन्हा घर माय येस आन तू रडस."

११:१०
चहा उतू गेला. सिस्टर फोन उचलत नाहीत.

११:३५
ढोल थांबला. म्हणजे आलं.

*

मी बायकांना ढकलत दारात पोचले तेव्हा नवनीतचा चेहरा लालचा जांभळट झाला होता. तोंडातून नुसता आवाज येत होता, शब्द नाही. हाताची मूठ हवेत उघडत होती, मिटत होती. गर्दीने श्वास धरलेला. कोणी हात लावत नव्हतं. चाळीस माणसं, सगळी ह्याच्यावर जीव टाकणारी, आणि एकही हात पुढे नाही. मला त्या क्षणी महाराजांची नाही, आमची भीती वाटली.

अंगणात स्कूटी थांबल्याचा आवाज आला. सिस्टर चप्पल काढून, औषधांची बॅग छातीशी धरून आत घुसल्या.

"ती पावरीन कसाले उनी?" कोणीतरी म्हणालं. "डोंगरवाल्या बाया, नजर वाईट ऱ्हास त्यासनी."

सिस्टरनी ऐकलं. खाली बसल्या. "मी देवीला हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "दंडाला पट्टा बांधते, एवढंच."

पट्टा फुगला, उतरला. त्यांनी आकडा मोठ्याने वाचला. "दोनशे तीस. खालचा एकशे तीस."

गर्दीला आकड्याचं काही नव्हतं. मला होतं.

"ह्याला बसवा. आत्ता."

"कोनी हात लावानं नही," महाराज उभे राहिले. आवाज मऊ होता, आणि म्हणून जास्त भीतीदायक. "माय चढी ऱ्हायनी. अर्धामा उतारशात ते पोऱ्याले संगे लई जाई. मंग मन्हाकडे येवानं नही."

सासूबाई सिस्टरच्या पायांशी वाकल्या. "सिस्टर, तुमना पाय पडस. आते नको. आपसूक जाऊ द्या तिले."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघींमध्ये, सासूबाईंच्या वाकलेल्या पाठीपलीकडे, माझा नवरा मरत होता, आणि मला अजूनही नियम आठवत होता. हात लावायचा नाही. जर महाराजांचं खरं असेल तर? हे मी लाज न बाळगता लिहिते. बारावी सायन्स, दोन पैकी दोन गुण, आणि माझे पाय जमिनीला चिकटले होते.

मग त्याची मूठ उघडली ती मिटेना.

मी सासूबाईंना ओलांडून गेले. मांडीखाली हात घातला. नळी सापडली, दोनदा दुमडलेली, घट्ट. रबर घामाने निसटत होतं. मी वाकून दातांनी तोडलं.

पिशवी बाहेर झाडाला होती. त्यामुळे जे झालं ते सगळ्यांसमोर झालं. लघवीची धार नळीतून जोरात सुटली, गादीवर, फरशीवर, हळदी-कुंकवाच्या चौकावर, देवघराच्या पायरीपर्यंत. बायकांनी पदर तोंडाला लावले. कोणीतरी "शिव शिव" म्हणालं.

"आबा," सिस्टर माझ्या सासऱ्यांना म्हणाल्या, "खांद्याखाली धरा."

माझे सासरे नवल पाटील दोन महिन्यांत दहा वाक्यंही बोलले नव्हते. ते त्या ओल्यातच गुडघे टेकून बसले. "सरका बठा," म्हणाले. "मी धरस त्याले."

त्यांनी मुलाला छातीशी टेकवून बसवलं. पायाखालच्या उशा सिस्टरनी पायाने बाजूला लोटल्या. पट्टा पुन्हा फुगला.

दोनशे दहा.

एकशे ऐंशी.

चेहऱ्यावरचं जांभळं ओसरलं. केस बसले. धार बारीक झाली, थेंब थेंब.

एकशे तीस.

एकशे चार.

नवनीतने डोळे उघडले. "माय," तो म्हणाला, आणि ह्या वेळी तो देवीला म्हणत नव्हता. सासूबाई सरकत त्याच्यापाशी गेल्या.

फुलवंताबाई मागून हळूच म्हणाल्या, "म्हणजे नळीमाईन उतरनी का काय माय?"

कोणी हसलं नाही. पण सगळ्यांनी फरशीकडे पाहिलं.

*

सिस्टरनी माझी ओढणी नवनीतच्या डोळ्यांवर बांधली. महाराजांचाच त्रिशूळ उचलला. "नवनीतभाऊ, मी आता कुठल्या पायाला टोचते ते सांगा."

उजव्या तळव्यावर त्रिशूळ फिरला. पाय झटक्यात पोटाकडे गेला. अख्ख्या ओसरीने पाहिलं.

"सांगा."

"टोचा ना मग," नवनीत म्हणाला.

डावा. पाय उडाला.

"आता?"

"सिस्टर, तुम्ही अजून काही करेलच नही."

सासूबाईंनी फार बारीक आवाजात विचारलं, "मंग पाय कसाले हालस?"

सिस्टर त्यांच्याशेजारी त्या ओल्या फरशीवर बसल्या.

"पाठीच्या कण्यात एक दोर असतो, मेरुरज्जू. निरोप त्यातून मेंदूला जातो. तो खांद्यांच्या मधोमध तुटलाय. पण खालचा तुकडा जिवंत आहे. तळव्याला टोचलं की निरोप तिथपर्यंत येतो आणि तिथूनच परत फिरतो. ग्रामपंचायतीतच निकाल, तालुक्याला कळवलंच नाही. पाय ओढला जातो, पण नवनीतला कळत नाही."

"पयले ते हालत नव्हता."

"पडल्यावर काही आठवडे खालचा तुकडा धक्क्याने गप्प होतो. मग जागा होतो. महाराज आले नसते तरी झाला असता."

मला कोंबडा आठवला. चोच उघडी, डोकं मामाच्या हातात. पाय मात्र पळत होते.

"अशा क्रिया पुष्कळ तऱ्हेच्या असतात," सिस्टर आता सगळ्यांकडे पाहून बोलत होत्या. "डोळ्यापुढे हात आला की पापणी मिटते, ती मेंदूतून. पायाचं हे कण्यातून. काही जन्मतःच असतात, काही आपण शिकतो. चिंच नुसती आठवली तरी तोंडाला पाणी सुटतं, ते शिकलेलं. हातपाय हलवणाऱ्या असतात, तशा आतलं सांभाळणाऱ्याही असतात. रक्तवाहिन्या, घाम, मूत्राशय. नळी बांधली की मूत्राशय फुगतं, आणि ती आतली क्रिया सुरू होते. खालच्या रक्तवाहिन्या आवळतात, दाब वर चढतो. तुमचं-माझं असं झालं तर मेंदू लगेच म्हणतो, बस. नवनीतचं 'बस' छातीच्या खाली पोचतच नाही. मग घाम, लाल तोंड, डोकं फुटणं. अजून पंधरा मिनिटं गेली असती तर मी इथे बोलत बसले नसते."

शिकलेल्या क्रियांत मी मनात आणखी एक घातली. ढोल वाजला की जोडले जाणारे हात.

महाराज बंडी नीट करत होते. "माय कोना रूपमा येई, कोणले सांगता येस? ती मूत्राशयमा बी बसी शकस."

"बसू शकते," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी तोडलेलं रबर आणि नळीचं टोक उचलून धरलं. दोन्ही घड्यांच्या खुणा अजून दिसत होत्या. "पण ही दुहेरी घडी घरातली नाही, महाराज. पिशवी बदलताना वॉर्डात नळी अशी दुमडतात. मी हजारदा दुमडलीय. तुम्ही कुठल्या दवाखान्यात होतात?"

उत्तर महाराजांच्या जीपवाल्याने दिलं. साधा माणूस, त्याला वाटलं मानाचंच विचारताहेत. "सुरतले व्हतात ना महाराज. बारा वरीस वॉर्डबॉय."

तेव्हा मला त्या नखांचा अर्थ लागला. वारं उतरायच्या वेळी दार लोटून ते आत काय करत, तेही कळलं. नळी मोकळी करत.

"पहिल्यांदा हे रबर कोणी लावलं?" सिस्टरनी विचारलं.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग म्हणाल्या, "महाराजनी."

महाराजांची जीप अंगणातून निघाली तेव्हा कोणी दगड मारला नाही, शिवी दिली नाही. सासऱ्यांनी फक्त नंबर लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी ते आणि सिस्टर शहाद्याला पोलिसांत जाऊन आले. जादूटोण्याविरुद्ध आपल्याकडे कायदा आहे, हे आबांना साठाव्या वर्षी कळलं.

*

नवनीत सातव्या मंगळवारी उभा राहिला नाही. आठव्याही नाही. सासूबाईंनी चार दिवस जेवण सोडलं, पाचव्या दिवशी भाकरी मागितली आणि मला म्हणाल्या, पिशवी किती तासांनी रिकामी करायची ते माले शिकाड. तळवे पुसताना पाय अजून उडतो. त्या आता त्याला हळूच धरून ठेवतात, खाली ठेवतात, पुसत राहतात.

तुमच्या गावात कोणाचा पाय असा हलला तर विचारा, हलवला कोणी? ज्याचा पाय आहे त्याचे डोळे बांधून त्याला विचारा. वारं आलं तर जरूर विचारा, माय कशासाठी आलीस. पण हेही विचारा की किती वाजता आली, आणि त्याआधी त्या माणसाला काय केलं होतं. खरी असेल ती प्रश्नांनी रागावणार नाही. आणि ज्याचं डोकं फुटतंय त्याला हात लावा. उठवून बसवा. नियम मोडला तर पाप माझ्या नावावर लिहा, तिथे आधीच जागा केलेली आहे.

पहिल्या मंगळवारी, महाराजांनी दाखवलं तशी नळी दोनदा दुमडून, खिडकीच्या खिळ्यावरचं पिवळं रबर मी लावलं होतं.